आधी उंबरा

बसा हो, बसा. लाइट गेलीय तर गेलीय, त्याला आपण काय करणार? ही चार्जिंगची बत्ती आहे, टेबलापुरता उजेड पडतो. तुमचं काम तसंही लाइट आल्याशिवाय होणार नाही. स्टूल भिंतीला टेकवून बसा, त्याचा एक पाय लंगडा आहे.

काय झालंय फोनला? पॅटर्न माहीत नाही... म्हणजे फोन तुमचा नाही. वडिलांचा? बरं. आणि वडील...? अरेरे. राहू द्या, नका सांगू. विचारावं लागतं म्हणून विचारलं.

नाही नाही, हातात देऊ नका. टेबलावर ठेवा. हां, असा, काच वर. मी आधी नुसता बघतो आणि मगच हात लावतो. हसू नका. पूर्वी मी असा नव्हतो. फोन हातात आला की काच शर्टाच्या पोटाला पुसायची, ही माझी सवय. गिऱ्हाईक आपलं रडगाणं सांगत असायचं आणि माझा हात आपोआप पुसत असायचा. बायको म्हणायची, लोकांचे शर्ट कोपरावर विरतात, तुमचे पोटावर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण माझी गेली. कशी गेली ते सांगतो, तेवढाच वेळ जाईल. भुताची गोष्ट म्हणा हवं तर. पण मध्यरात्र, घुबड, ओसाड रस्ता असलं काही त्यात नाही. भर दुपारी घडलं, ट्यूबलाइटच्या उजेडात, चार माणसांदेखत.

त्या दिवशी मी डिस्प्ले आणायला ठोक बाजारात निघालो होतो. शटर अर्धं ओढलं आणि ताईचा फोन आला. माझी थोरली बहीण. ती रडत नाही, ओरडते. संकट आलं की आधी समोरच्याला झापते, मग काय झालं ते सांगते. त्या दिवशी ती अगदी हळू बोलली.

"ह्यांना अपघात झालाय. हॉस्पिटलात आणलंय. तू ये, आणि येताना तुझं फोन उघडायचं सामान घेऊन ये."

"अगं फोनचं काय घेऊन बसलीस? भाऊजी कसे आहेत?"

"तू ये आधी," ती म्हणाली. "तिळू सापडत नाहीये."

तिळू म्हणजे माझी भाची. हनुवटीवर तीळ, म्हणून तिळू. शाळेत तिला दुसरं नाव आहे, पण ते हजेरीपुरतं. दुधाचे दात पडायला लागलेले, आणि पडलेला प्रत्येक दात मला दाखवायला दुकानात आणायची, जसा काही मी तो दुरुस्त करून देणार होतो.

भाऊजींचं काम जरा वेगळं होतं. बंद पडलेले कारखाने, गोदामं, जुनी ऑफिसं यांना गिऱ्हाईक लागलं की दलाल लोक भाऊजींना मोजमाप घ्यायला धाडत. भाऊजी एकटे जायचे, टेप लावायचे, फोनवर फोटो काढायचे आणि नकाशा करून द्यायचे. रोज नवी जागा. ताईला कधी सांगून जायचे, कधी नाही. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि ताईची ड्यूटी होती, म्हणून तिळू सकाळीच बापाच्या मागं स्कूटरवर बसून गेली. टेपचं दुसरं टोक धरायचं काम तिला फार आवडायचं.

आणि दुपारी ट्रकनं भाऊजींना उडवलं तेव्हा ते एकटे होते. बघणारे शपथेवर सांगत होते, मागं पोर नव्हतं. तिचं छोटं हेल्मेट डिकीत सापडलं. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, शुद्ध जायच्या आधी ते दोनच गोष्टी बोलले. "दार अडकलंय," म्हणाले. आणि, "हवा नाहीये तिथं."

आता यावरून तुम्ही काय समजाल? आम्हीही तेच समजलो. पोर कुठल्यातरी बंद इमारतीत अडकलेल्या दाराच्या आत राहिली होती, आणि ते फोडायला पहार नाहीतर माणूस आणायला हा बाप, फोन करायचंही न सुचून, सुसाट सुटला होता. कुठली इमारत, ते फक्त त्याला माहीत. त्याला आणि त्याच्या फोनला.

हॉस्पिटलात पोचलो तर ताई कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ लावून उभी. कामावरच्या साडीवरच आलेली, गळ्यात ओळखपत्र तसंच. एका कानाला स्वतःचा फोन, दुसऱ्या हातात भाऊजींचा. दलालांना एकेक करून लावत होती. कोणी म्हणे माझ्याकडची जागा नाही, कोणी उचलतच नव्हतं. पोलिसांनीही हातपाय हलवले होते, नाही असं नाही. पण टॉवरवरून कळणार काय, तर सगळी कारखान्यांची वसाहत. तिथं बंद शेड शेकड्यांनी. माणसं हाका मारत फिरत होती, पण हवा शिरत नाही अशा खोलीत हाक तरी कशी शिरेल?

"उघड हा," ताई म्हणाली. फोन माझ्या हातात दिला.

काच एका कोपऱ्यात तडकलेली, बाकी फोन चांगला चालू. भाऊजींनी बोटाचा ठसा कधी लावलाच नव्हता. सिमेंट-चुन्यात काम करून ठसे झिजलेले, फोन ओळखायचाच नाही त्यांना. नुसता पॅटर्न. ते नऊ ठिपके असतात ना, तीन ओळींत तीन, त्यांच्यावरून बोट न उचलता रेघ ओढायची. दिसतं सोपं, पण रेघा काढायचे प्रकार मोजायला बसलात तर आयुष्य सरेल.

"मी बघितलं करून," ताई म्हणाली. "ह्यांच्या नावाचं अक्षर, माझ्या नावाचं, चौकोन, फुली. आता हे असलं काहीतरी येतंय."

मी वाचलं. आता एकच संधी उरली होती. ती चुकली की फोनमधलं सगळं पुसलं जाणार. दलालांचे नकाशे कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून भाऊजींनी स्वतःच तशी सोय करून ठेवली होती. माणूस किती जपून वागायचा बघा, आणि तेच जपणं कुठं येऊन आडवं पडलं.

आता माझं ऐका. या धंद्यात एक साधी युक्ती आहे. माणूस दिवसभर एकच पॅटर्न काढतो, तेव्हा बोटाचं तेलकट काचेवर बसतं. फोन बंद करून तिरका धरला, उजेड आडवा पडू दिला, की रेघ दिसते. सराईत माणसाला काही विचारावंच लागत नाही. मी डोळे मिटून विचार करत होतो की आधी फोन तिरका धरू, खिडकीपाशी जाऊ. आणि डोळे उघडले तर माझा हात पोटावर फिरत होता.

मी काच पुसत होतो हो. विचार करता करता, स्वच्छ, लख्ख पुसून टाकली होती.

"काय झालं?" ताई म्हणाली. "असा का बघतोयस?"

मी सांगितलं. लपवून काय करणार? मला वाटलं, आता माझ्या कानाखाली वाजवेल. वाजवली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या शर्टाकडे बघत राहिली, जणू तिथं पुसलेल्या तेलकट डागातून अजून काही परत मिळेल. मग म्हणाली, "मग आता दुसरं काहीतरी कर." एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरं काय करणार होतो? माझ्याकडच्या यंत्रांनी फोन उघडला असता, पण आतलं सगळं उडालं असतं. मी काही न सुचून भाऊजींना बघायला वॉर्डात शिरलो. त्यांनाच विचारावं असं वेड्यासारखं डोक्यात आलं होतं.

खिडकी नसलेला वॉर्ड. दिवस का रात्र ते घड्याळाकडे बघून ठरवायचं. भाऊजी पट्ट्यांत गुंडाळलेले, तोंडात नळी, यंत्राची टिकटिक. मी जवळ गेलो आणि पहिल्यांदा जाणवला तो वास. हॉस्पिटलात स्पिरिटचा वास येतो, औषधांचा येतो. इथं कोंदट वास येत होता. वर्षानुवर्षं न उघडलेल्या कपाटाला येतो तसा, गंजलेल्या लोखंडाचा आणि कुजलेल्या कागदाचा. पलंगापासून पाऊलभर मागं आलो की वास नाही. पुढं गेलो की आहे.

"सिस्टर," मी विचारलं, "हा वास कसला?"

तिथल्या नर्सबाई वयस्क होत्या, तोंडानं फटकळ. "मला कसला येत नाही," त्या म्हणाल्या. मग घुटमळल्या. "त्यांची नखं मात्र सारखी मळतायत. मी दोनदा पुसली. हा हात बघा."

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या नखात राखाडी धूळ भरलेली होती. बारीक, कोरडी धूळ. आणि ते बोट हलत होतं.

चादरीवर, थरथरल्यासारखं, भराभरा. सिस्टर म्हणाल्या, डोक्याला मार लागला की शिरा अशा उडतात, त्याला काही अर्थ नसतो. असेल बाबा. पण मी फोनवाला. दिवसभर लोकांची बोटं बघत बसतो. शिरा उडताना बोट कोपऱ्यावर वळत नाही. हे वळत होतं. वळायचं, सरळ जायचं, परत वळायचं, थांबायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"ताई!" मी ओरडलो. "इकडे ये!"

पलंगाच्या पायाशी त्यांच्या एक्स-रेचं पाकीट लटकत होतं. त्यातली फिल्म काढली, काळी, गुळगुळीत. त्या बोटाखाली सरकवली. सिस्टर ओरडल्या, "अहो, काय करताय?" मी म्हटलं, सिस्टर, पाया पडतो, एक मिनिट. बोट फिल्मवर फिरलं. फिल्म काढली, ट्यूबलाइटखाली तिरकी धरली.

रेघ उमटली होती. स्पष्ट.

"घर," ताई म्हणाली.  "हे तिळूचं घर आहे."

दोन भिंती, वर टोकदार छप्पर, खाली उंबऱ्याची रेघ. ती रेघ मात्र अर्धीच, डावीकडचा तुकडा मोकळा. तिळूची सगळी घरं तशीच असायची. भिंतीवर, पिठात, वाफ धरलेल्या आरशावर, माझ्या दुकानाच्या काउंटरवरसुद्धा. अगं, खालची रेघ पुरी कर की, म्हटलं तर म्हणायची, "मामा, तिथं दार आहे. बुजवलं तर बाहेर कसं यायचं?" लेकीनं बापाला तो पॅटर्न लावून दिला असणार. नऊ ठिपक्यांवर ते घर बरोबर बसत होतं.

मला इतका आनंद झाला की फिल्मवरची दुसरी गोष्ट मी बघून न बघितल्यासारखी केली. भाऊजींची बोटं म्हणजे केळी. फिल्मवरची रेघ बारीक होती. करंगळीची पण नव्हे, लहान पोराच्या बोटाची.

फोन हातात घेतला आणि बोट काचेपाशी जाऊन थबकलं. कारण रेघ दिसते, पण ती कुठून निघाली ते दिसत नाही. घराला दोन टोकं होती, मोकळ्या दाराच्या दोन बाजूंना. डाव्या भिंतीपासून वर जायचं आणि फिरून उंबऱ्यावर संपवायचं, की उंबऱ्यापासून निघून भिंतीवर संपवायचं? फोनच्या दृष्टीनं हे दोन वेगळे पॅटर्न. आणि संधी एकच. बोट बघावं तर ते इतकं भराभरा फिरत होतं की कुठं थांबतं आणि कुठून निघतं ते डोळ्याला कळतच नव्हतं.

"ताई, तिळू घर कुठून काढायला लागते? भिंत आधी की उंबरा?"

ताईनं बोट हवेत उचललं, अर्धवट फिरवलं आणि खाली घेतलं.

"आठव ना गं!"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी काढताना कधी बघितलंच नाही रे. काढून झालं की दाखवायला आणायची. मी म्हणायची, छान. भाजी ढवळता ढवळता म्हणायची, छान..." आणि तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

तेवढ्यात यंत्राची टिकटिक बदलली. सिस्टर धावल्या, डॉक्टर आले, आम्हाला पडद्याबाहेर लोटलं. पडद्याखालून नुसते पाय दिसत होते. ताई म्हणत होती, "थांबा, थांबा हो, असं नका करू, एवढं सांगून जा." कुणाला म्हणत होती ते मला कळत होतं आणि ऐकवत नव्हतं.

पडदा सरला. डॉक्टरांनी मान हलवली.  यंत्र बंद केलं.

तुम्हाला खोटं वाटेल, ताई रडली नाही. रडायला नंतर सगळं आयुष्य पडलं होतं. ती सरळ पलंगापाशी गेली, नवऱ्याचा हात हातात घेतला आणि मला म्हणाली, "फिल्म दे."

"ताई..."

"दे म्हणते ना!"

हात निपचित होता. मी फिल्म खाली सरकवली.  ताई त्यांच्या कानाशी वाकली. इतकी हळू बोलली, तरी वॉर्डात प्रत्येकाला शब्द न् शब्द ऐकू आला.

"अहो... ती एकटी आहे तिकडं. मला येत नाही तिचं घर काढायला. एकदाच दाखवा. हळू. एकदाच..."

काही नाही. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, प्लीज." सिस्टर पुढं झाल्या, तिच्या खांद्याला धरायला. आणि सिस्टरच थांबल्या. त्यांनीच आधी बघितलं.

तो कोंदट वास एकदम दाटून आला. या वेळी सगळ्यांना आला, डॉक्टरांनी नाकाला हात लावला. आणि मेलेल्या माणसाचं बोट उठलं. मघासारखं थरथरत नव्हतं. शांत, सावकाश, शिकवणाऱ्या माणसाच्या हातासारखं. पोराचा हात धरून पाटीवर गिरवून घेतात ना, तसं. बोट फिल्मवर टेकलं. उंबऱ्याच्या मधोमध. उजवीकडे सरकलं. मग भिंत. मग छप्पर, चढतं आणि उतरतं. मग डावी भिंत, खाली, खाली... आणि दारापाशी येऊन थांबलं.

"आधी उंबरा," ताई म्हणाली.

मी फोनवर तसंच काढलं. आधी उंबरा. शेवटच्या ठिपक्यावरून बोट उचलायचा धीर होईना, ताईनं माझं मनगट धरून उचललं.

उघडला.

रस्ता दाखवायचा नकाशा तसाच चालू होता. एका बंद पडलेल्या पेढीची जुनी इमारत. त्याआधी काढलेल्या फोटोत तळघरातली तिजोरीची खोली, हातभर जाड लोखंडी दार, आणि त्या दारात टेपचं टोक धरून दात पडलेलं हसू हसणारी तिळू. पोलिसांना पत्ता कळवत आम्ही धावलो. ताईनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या तोंडावर चादर सिस्टरांनी ओढली असेल.

अग्निशमनवाले आमच्या आधी पोचले होते. कड्या उलटल्या, पहारी लावल्या, दार कुरकुरत उघडलं आणि आतून जी हवा बाहेर आली... तोच वास. वॉर्डातला. 

तिळू जिवंत होती. ओठ निळे पडलेले, घामानं चिंब, पण जिवंत. दाराला आतून टेकून बसली होती. बॅटरीच्या झोतात दाराची आतली बाजू दिसली. लोखंडावर राखाडी धुळीचा थर, आणि त्यात घरंच घरं. एकावर एक, एकाशेजारी एक. बारीक बोटानं काढलेली. सगळ्यांचं दार मोकळं.

ताईनं तिला छातीशी घट्ट धरलं. पोरीला बोलवत नव्हतं, तरी बोलली. "मला झोप येत होती. बाबा म्हणाले, झोपायचं नाही. माझं बोट धरून काढत होते. म्हणाले, थांबायचं नाही, मामा बघतोय."

मामा बघतोय. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आताही येतोय, हा हात बघा.

"बाबा कुठायत गं?" ताईनं विचारलं. का विचारलं असेल तिनं?

"आत," तिळू म्हणाली. "मागं बसलेत ना."

मी झोत फिरवला. रिकामी खोली, गंजलेली फडताळं, कागदांचा लगदा. कोणी नव्हतं. तिला उचलून जिन्याकडे निघालो तशी ती पिसाळल्यासारखी हातपाय झाडायला लागली. "बाबा राहिले! दार लावू नका! बाबा राहिले!" कोणी लावलं नव्हतं हो. त्या दाराची खोडच ती, सोडलं की आपल्याच वजनानं मिटायचं. तसंच तर ते आधी तिच्यावर मिटलं होतं. आमच्या पाठीमागं ते धाडकन बसलं. एकजण म्हणाला, राहू द्या, आत आहेच काय आता. आणि खरंच, पोर हाताशी आल्यावर दाराचा विचार कोण करतो?

पुढं त्या जागेचा सौदा झाला. नव्या मालकानं इमारत पाडली. तळघर रिकामं करायचं सोडून तसंच सिमेंटनं भरून घेतलं. ताई तिथं जाऊन त्यांच्याशी भांडून आली, एकदा दार उघडा म्हणून. येडी बाई म्हणून रखवालदारानं हाकलली. मी तिला समजावलं, अगं, भाऊजींना आपणच निरोप दिला ना, मग तिथं कोण असणार? ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं." आणि भाऊजींचा फोन माझ्याकडे देऊन गेली. घरात ठेववत नाही म्हणाली.

या खणात आहे. मी बॅटरी काढून ठेवली, म्हणजे नुसती काच आणि डबा. पण रोज सकाळी खण उघडला की काचेवर घर असायचं. जाड बोटाचं. मी पुसायचो, दुसऱ्या दिवशी परत. मग एक दिवस ते पुसलं जाईना. शर्टानं नाही, स्पिरिटनं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, रेघ काचेच्या वरच्या बाजूला नव्हतीच. डिस्प्ले उचकटून आतून बघितलं. राखाडी धूळ, आणि त्यात आतून ओढलेली बोटाची रेघ, धूळ भिंतीच्या टोकाकडे ढकलत नेलेली. आधी उंबरा, मग भिंत. बाहेर यायला वाट शोधतायत हो ते. पोरीला सोडवायला गेले आणि तिकडंच राहिले. आणि मी फोनवाला, हजार फोन उघडले, यांना कुठून उघडू सांगा? ते दारच आता जगात राहिलं नाही.

तरी एवढंच असतं तर मी सहन केलं असतं. रोज खण उघडून म्हणायचो, भाऊजी, बघतोय मी. वेडा म्हणा.

पण आज सकाळी उघडला, तर जाड रेघेच्या शेजारी दुसरी रेघ होती. बारीक.

मी तसाच ताईला फोन लावला. म्हटलं, तिळू कशी आहे? तर ओरडलीच माझ्यावर, सकाळी सकाळी असा का विचारतोस, चांगली ठणठणीत आहे, अजून झोपलीय. मग स्वतःच म्हणाली, "झोप कसली, रात्रभर चादरीवर बोट फिरवत होती. आणि नखं बघ कशी मळवून घेतलीयत कार्टीनं. रात्रीच घासून धुतली होती मी."